दोन हजेऱ्या

मी मालेगावचा. पुण्यात हे सांगितलं की समोरचा लगेच नाशिकबद्दल बोलायला लागतो. मग सांगावं लागतं, ते नाही, वाशिम जिल्ह्यातलं. मालेगाव जहांगीर. तालुक्याचं गाव आहे, तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेलाय, आणि कुठल्याही तालुक्याच्या गावासारखे आमचेही चार-पाच व्हॉट्सॲप ग्रुप आहेत. गाव सोडून बरीच वर्षं झाली, तरी त्यातल्या एका ग्रुपमध्ये मी अजून आहे. पाऊस, सोयाबीनचे भाव, वाढदिवस या सगळ्यात अधूनमधून सीसीटीव्हीची एखादी क्लिप येते. दुकानात गर्दी असते, तेरा-चौदा वर्षांचं पोट्टं काउंटरजवळ उभं असतं, हात पुढे जातो, मोबाइल खिशात. खाली एक ओळ असते: याला ओळखा, सगळ्या ग्रुपवर टाका. अर्ध्या तासात पोराचं नाव येतं, बापाचं येतं, वस्तीचंही येतं. मग सल्ले सुरू होतात. पोरगा 'आपल्यातला' निघाला तर "लहान आहे, समज द्या." एखाद्या बेड्यावरचा निघाला तर "हे लोक सुधरत नसतात."

मला बोलायचंय ते त्यानंतरच्या दिवसाबद्दल. मोबाइल सापडला, मार देऊन झाला, पोलीस येऊन गेले. आता त्या पोराचं काय करायचं? त्याच्यावर परत विश्वास ठेवायचा का? ठेवायचा तर कुणी, किती आणि कुणाच्या जोखमीवर?

अनुभव हवा

इंजिनिअरिंग संपवून नोकरी शोधलेल्या प्रत्येकाने ही जाहिरात वाचलेली आहे: किमान दोन वर्षांचा अनुभव आवश्यक. नोकरीशिवाय अनुभव नाही, आणि अनुभवाशिवाय नोकरी नाही. या चक्रातून फ्रेशर सुटतो, कारण कुणीतरी एक कंपनी पुराव्याशिवाय त्याला आत घेते.

चोरी केलेल्या मुलाला आपण याच चक्रात अडकवतो. आधी सुधारून दाखव, मग विश्वास ठेवू. पण सुधारून दाखवायचं कुठे? प्रामाणिकपणा दाखवायला आधी कुणाची तरी वस्तू हातात यावी लागते. ज्याच्या हातात कुणी काहीच देत नाही, तो वर्षभर चोरी न करता राहिला तरी त्याला संधी मिळाली नाही एवढंच लोक म्हणतात. म्हणजे विश्वास हे सुधारल्याचं बक्षीस असेल, तर ते कधीच कुणाला मिळणार नाही. विश्वास आधी द्यावा लागतो. ऐकायला हे उदार वाटतं, पण मला ते व्यवहाराचं वाटतं. दुसरा कुठला क्रम चालूच शकत नाही.

चोरीचीही शाळा असते

मूल वाईट संगतीला लागतं, त्याच्या डोक्यात काही भरलेलं नसतं, शाळेने ते रिकामं डोकं भरलं की ते सुधारतं, असं आपण धरून चालतो. लक्ष्मण गायकवाड यांचं 'उचल्या' वाचलं की हा समज टिकत नाही. १९८७ साली आलेलं हे आत्मकथन, त्याला १९८८चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. लेखक लातूर जिल्ह्यातल्या धनेगावचे. त्यांच्या समाजाला इंग्रजांनी जन्माने गुन्हेगार ठरवलं होतं, आणि दुसरं काम कुणी देत नसल्याने पाकीटमारी आणि भुरट्या चोऱ्या हेच पोटाचं साधन उरलेलं होतं. पुस्तकात ते कसं शिकवलं जायचं तेही आहे. लहान मुलांना हात कसा चालवायचा हे शिकवलं जाई, आणि पोलिसांचा मार सोसून नाव कसं सांगायचं नाही, याची तालीमही दिली जाई.

म्हणजे तिथे शिक्षक होते, सराव होता, परीक्षा होती, पास झाल्यावर मानही होता. मूल अशिक्षित नव्हतं. ते एका शाळेत आधीच दाखल झालेलं होतं. गायकवाडांच्या वडिलांनी त्यांना दुसऱ्या शाळेत घातलं तेव्हा वस्तीलाच ते पटलं नाही. वस्तीतल्या मुलांना हगवण-ओकारी लागली तर त्याचं खापर या शाळेत जाणाऱ्या पोरावर फुटलं.

त्यामुळे "शिक्षणाने चोर सुधारतो" हे वाक्य मला अपुरं वाटतं. नुसतं शिक्षण प्रामाणिक करत असतं तर ओटीपीचे घोटाळे करणारे सगळे निरक्षर असते. माझ्या क्षेत्रातल्या चोऱ्या तर चांगलं शिकलेलेच लोक करतात. मूल्यशिक्षणाच्या तासाला "खोटे बोलू नये, चोरी करू नये" लिहून घेतल्याने कुणाचा हात थांबल्याचं मी पाहिलेलं नाही. चोरी वाईट आहे हे चोरी करणाऱ्या मुलाला माहीत असतंच, आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं, कारण मार त्याने खाल्लेला असतो. मग शाळा नेमकं काय करते?

हजेरी

१८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला. काही जमातींतला माणूस जन्मतःच गुन्हेगार, असं त्यामागचं गृहीतक होतं. १९११च्या सुधारित कायद्यात या लोकांची नोंदणी, बोटांचे ठसे आणि ठरावीक वेळी पोलिसांसमोर हजेरी अशी व्यवस्था होती. सोलापुरात अशा जमातींसाठी तारेच्या कुंपणाची मोठी वसाहत होती. तिथल्या एका भागाला लोक आजही 'सेटलमेंट' म्हणतात. हा कायदा स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी, ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला. तो दिवस आज विमुक्त दिन म्हणून पाळला जातो.

'हजेरी' हा शब्द आपण शाळेतही वापरतो. तेच रजिस्टर, तेच नाव पुकारणं, तेच "हजर". पण सेटलमेंटमध्ये नाव पुकारलं जायचं ते तू पळालास का हे बघायला. शाळेत, निदान चांगल्या शाळेत, नाव पुकारतात ते तू का आला नाहीस हे विचारायला. पहिल्या हजेरीत तुझ्या असण्याची भीती असते, दुसऱ्या हजेरीत तुझ्या नसण्याची काळजी. शाळा मुलाला देते ती ही दुसरी हजेरी, असं मला वाटतं. गणित-इंग्रजी तिच्यासोबत येतं, आणि पुढे पोट भरायला ते लागतंच. पण आधी एक मोठा माणूस रोज तुझी वाट बघतो, हे घडावं लागतं.

त्यासोबत आणखी एक गोष्ट होते. मुलाकडे गमावण्यासारखं काहीतरी जमा होतं. कबड्डीच्या संघातली जागा, फळ्यावर सुविचार लिहायचा मान, विज्ञान प्रदर्शनात केलेला पंप. ज्याच्याकडे 'चोर' सोडून दुसरं नावच नाही, त्याला चोरी करून गमवायचं काय असतं? दुसरं नाव मिळालं की पहिलं महाग पडायला लागतं.

आमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात, नांदगाव खंडेश्वर तालुक्यातल्या मंगरूळ चव्हाळा इथे अशी एक शाळा आहे. नाव 'प्रश्नचिन्ह'. मतीन भोसले हे स्वतः फासेपारधी समाजातले, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. ती नोकरी सोडून त्यांनी २०१२च्या सुमारास ही आश्रमशाळा उभी केली. सिग्नलवर, स्टेशनवर भीक मागणारी, भंगार वेचणारी मुलं त्यांनी गोळा केली, आणि आकडा शेकड्यांत गेला. या मुलांना मी चोर म्हणत नाहीये, आणि इथे तो फरक महत्त्वाचा आहे. फासेपारधी समाजातल्या मुलाने काही उचललेलं नसलं तरी चोरी झाली की गाडी आधी बेड्यावर जाते. म्हणजे या मुलाला विश्वास मिळवण्याच्या आधी जन्माबरोबर आलेला अविश्वास फेडावा लागतो. कर्ज आजोबाच्या नावावर लिहिलेलं, तेही खोटं, आणि हप्ते नातवाने भरायचे.

पुढे त्या शाळेच्या जागेतूनच समृद्धी महामार्गाची आखणी गेली आणि शाळेचा काही भाग त्यात गेला. त्याच रस्त्याने मी सुट्टीला गावी येतो. गाडी फार छान पळते. पण मुलांना दुसरी हजेरी देणारी जागा उभी करायला एका माणसाला नोकरी सोडावी लागते, आणि तिच्या भिंती नकाशावरच्या एका रेषेत जातात, हे त्या रस्त्यावर आठवल्याशिवाय राहत नाही.

विश्वास म्हणजे नेमकं काय करायचं

"विश्वास ठेवा" हे सांगायला सोपं आहे. करायचं काय?

याचं एक उत्तर सांगली जिल्ह्यात, आटपाडीजवळ आहे. मॉरिस फ्रीडमन हा पोलंडचा माणूस, धंद्याने इंजिनिअर. बंगळूरचा सरकारी विजेच्या सामानाचा कारखाना त्याने चालवला होता, नंतर तो गांधीजींच्या कामाकडे ओढला गेला. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या पाठिंब्याने १९३९ साली त्याने स्वतंत्रपूर ही वसाहत सुरू केली. गंभीर गुन्ह्यांतले कैदी, पण भिंत नाही. कसायला जमीन, राहायला घर, सोबत बायकामुलं. व्ही. शांताराम यांचा १९५७चा 'दो आँखें बारह हाथ' याच प्रयोगावरून सुचला, कथा ग. दि. माडगूळकरांची, आणि ते त्याच मुलुखातले. ती वसाहत आजही आहे.

ते कैदी मोठे होते आणि बहुतेकांचा गुन्हा चोरीपेक्षा फार वेगळा होता, त्यामुळे उदाहरण जसंच्या तसं लागू होत नाही. पण त्यातली एक गोष्ट मला इंजिनिअर म्हणून महत्त्वाची वाटते. फ्रीडमनने कैद्यांना "मी तुमच्यावर विश्वास ठेवतो" असं नुसतं सांगितलं नाही. त्याने व्यवस्थाच अशी केली की विश्वास ठेवल्याशिवाय ती चालणार नाही. भिंत बांधून विश्वासाचं भाषण देता येतं. भिंत न बांधणं हे भाषण नाही, ती कृती आहे.

दुसरं उदाहरण मुलांचं आहे. अंतोन माकारेन्को यांनी १९२०मध्ये युक्रेनमधल्या पोल्तावाजवळ बालगुन्हेगारांसाठी वसाहत सुरू केली. 'पेडॅगॉजिकल पोएम' या पुस्तकात त्यांनी तिथली हकिगत लिहिली आहे. त्यात काराबानोव नावाचा मुलगा आहे, दरोड्यातून आलेला. माकारेन्को त्याला घोडा देतात आणि शहरातून वसाहतीचे पाचशे रूबल आणायला पाठवतात. तो आणतो, आणि ते न मोजता टेबलाच्या खणात टाकतात. नंतर पुन्हा पाठवतात, या वेळी दोन हजारांसाठी. पोरगा हैराण होतो, मोजा म्हणतो. ते मोजत नाहीत. ज्या खऱ्या मुलावरून हे पात्र आलं तो, सिम्योन कालाबालिन, पुढे स्वतः अनाथ मुलांच्या संस्थांचा प्रमुख झाला.

या गोष्टीतलं न मोजणं सगळ्यांच्या लक्षात राहतं. मला त्यातले आकडे महत्त्वाचे वाटतात. आधी पाचशे, मग दोन हजार. पहिल्याच दिवशी त्यांनी तिजोरीची किल्ली दिली नाही. आमच्या कामात नवीन माणूस आला की त्याला आधी फक्त बघायची परवानगी मिळते, मग बदल करायची, आणि खूप नंतर ग्राहक वापरतात त्या खऱ्या सर्व्हरला हात लावायची. यात कुणाला अपमान वाटत नाही, कारण ही पायरी सगळ्यांना चढावी लागते, आयआयटीवाल्यालाही. अपमान कधी होतो? एकाच माणसाला कायम पहिल्या पायरीवर ठेवलं की. चोरी केलेल्या मुलाला तिजोरी द्या असं कुणी म्हणत नाही. पण त्याला पायऱ्या आहेत का? आज डस्टर-खडू, पुढच्या महिन्यात खेळाच्या सामानाची खोली, मग सहलीची वर्गणी गोळा करायचं काम. एवढं जरी ठरवलं तरी त्याला वर जायचा रस्ता दिसतो.

भुर्दंड कुणी भरायचा

आता दुसरी बाजू. ज्याचा मोबाइल गेला त्याचं काय? ज्या शेतकऱ्याची मोटारीची केबल रातोरात कापून नेली, त्याला जाऊन विश्वासाचं तत्त्वज्ञान सांगायचं का? हा प्रश्न टाळून सुधारणेबद्दल बोलणं मला लबाडीचं वाटतं.

व्हिक्टर ह्यूगोच्या 'ले मिझेराब्ल'मधला बिशप सगळ्यांना आठवतो. झां व्हालझां त्याची चांदीची भांडी चोरतो, पोलीस त्याला धरून आणतात, आणि बिशप म्हणतो की ती मीच दिली होती, वर चांदीची मेणबत्तीदानंही देतो. त्यानंतर लगेच काय होतं ते कमी लोकांना आठवतं. हाच व्हालझां वाटेत एका दहा वर्षांच्या गरीब पोराचं नाणं पायाखाली दाबतो आणि पोराला हाकलून देतो. बिशपने विश्वास ठेवला, आणि पहिला भुर्दंड भरला पेती जेर्व्हे नावाच्या पोराने. व्हालझां बदलतो ते त्यानंतर.

यातून मी दोन गोष्टी घेतो. एक, विश्वास लगेच लागू पडत नाही. मध्ये एकदा तरी तो मोडतो, आणि मोडला म्हणून प्रयोग फसला असं नसतं. दोन, विश्वास ठेवणाऱ्याने आपल्या वस्तूवर ठेवावा. बिशपने आपली चांदी दिली, माकारेन्कोंनी आपल्याच वसाहतीचे पैसे पणाला लावले. पुण्यात बसून मी मालेगावच्या दुकानदाराला "त्याला परत कामावर ठेवा" म्हणणं म्हणजे दुसऱ्याच्या गल्ल्यावर उदार होणं आहे. ज्याचं नुकसान झालं त्याला आधी भरपाई मिळाली पाहिजे, आणि ती शक्य तितकी त्या पोराच्या हातून मिळाली पाहिजे. भरपाई करताना तो फक्त आरोपी राहत नाही, देणारा होतो. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत मोठ्या माणसांसाठीसुद्धा असं कलम आलं आहे: चोरीचा माल पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीचा असेल, दोषी पहिल्यांदाच ठरला असेल आणि माल किंवा त्याची किंमत परत केली असेल, तर शिक्षा म्हणून समाजसेवा. मोठ्यांना जी सवलत कायदा देतो, ती चौदा वर्षांच्या मुलाला गावाने द्यायला काय हरकत आहे?

शाळांनीही एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. चोरी केली की पालकांना बोलावून "दाखला घेऊन जा" सांगणं हा सगळ्यात सोपा मार्ग आहे. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. आठवीनंतर मात्र हे संरक्षण संपतं, म्हणजे पाय घसरायच्या ऐन वयात. दाखला हातात दिला की पहिली शाळा त्याला परत घ्यायला तयारच असते, आणि ती कुणाचं वय विचारत नाही.

विसरण्याची सोय

२०१५च्या बाल न्याय कायद्यात एक सुंदर तत्त्व आहे, नव्या सुरुवातीचं. अठरा वर्षांखालच्या मुलाच्या गुन्ह्याच्या नोंदी, अपवाद सोडले तर, पुसून टाकायच्या. त्या गुन्ह्यामुळे पुढे नोकरीत किंवा कशातही त्याच्यावर अपात्रतेचा शिक्का नको. आणि हे फक्त कोर्टापुरतं नाही. अशा मुलाचं नाव, फोटो, शाळा, ओळख पटेल असं काहीही कुठल्याही माध्यमातून उघड करणं हा त्याच कायद्याच्या कलम ७४खाली गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

म्हणजे सुरुवातीला सांगितलेली क्लिप फॉरवर्ड करणारा माणूस कायद्याच्या दृष्टीने स्वतःच गुन्हा करत असू शकतो. गंमत बघा, साध्या चोरीला कमाल तीन वर्षं असल्याने बाल न्याय कायदा तिला किरकोळ गुन्ह्यात धरतो.

पण कायद्याने पुसलेली नोंद फोनमध्ये राहते. डेटा डिलीट करणं किती अवघड असतं हे माझ्या धंद्यातल्या कुणालाही विचारा. एक प्रत पुसली तरी दुसरीकडे बॅकअप असतो, तिसऱ्याच्या गॅलरीत कॉपी असते. पूर्वी गाव विसरायचं. विसरायला दहा वर्षं लागत असतील, पण विसरायचं. पोरगा मोठा व्हायचा, टपरी टाकायचा, लग्न व्हायचं, आणि "लहानपणी थोडा वाह्यात होता" एवढंच उरायचं. आता तो चोवीस वर्षांचा होऊन मुलाखतीला गेला तरी कुणाच्या तरी फोनमध्ये चौदा वर्षांचा हात अजून काउंटरकडे जात असतो. १८७१च्या कायद्याला नोंदवह्या, ठसे आणि शिपाई लागायचे. आपण हे काम फुकटात करतो, आणि वर स्वतःला जागरूक नागरिक म्हणवतो.

विश्वास आणि शिक्षणाने मूल सुधारतं का? मला वाटतं, सुधारू शकतं. खात्री कुणीच देऊ शकत नाही, आणि जो देतो त्याच्यापासून सावध राहावं. पण त्याला पुन्हा दुसऱ्या हजेरीत नाव लावता आलं पाहिजे, पायऱ्या दिसल्या पाहिजेत, नुकसान भरता आलं पाहिजे, आणि ते भरून झाल्यावर आपण ते विसरलं पाहिजे. यातली पहिली तीन कामं शिक्षक, पालक, दुकानदार आणि सरकारची आहेत. चौथं तुमचं-माझं आहे. त्याला पैसे लागत नाहीत, नोकरी सोडावी लागत नाही. अशी क्लिप आली की पुढे पाठवायची नाही, आपल्या फोनमधून काढायची, आणि ॲडमिनला स्वतंत्र मेसेज करून सांगायचं की पोराचं वय बघ आणि हे काढून टाक, दुकानदाराला पाहिजे तर पोलिसांकडे देऊ दे. ॲडमिन बहुतेक आपला वर्गमित्र किंवा काकाच असतो. रागावेल, "तुला लय पुळका" म्हणेल. म्हणू द्या. उद्या सकाळी त्या पोराला शाळेत जायचं आहे, आणि वर्गातल्या चाळीस घरांतल्या फोनमध्ये तो आधीच पोहोचलेला नसावा.